‘सगळ्या गाड्या कांद्यात गेल्यात, साहेब’

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका गोदामात मी डिस्पॅच, म्हणजे माल गाडीत भरून रवाना करणं, बघतो. इलेक्ट्रिकल पॅनेलचा माल, 32 फुटी बंद कंटेनर, आठवड्याला पाच-सहा गाड्या. सोळा वर्षं हेच करतोय, तरी मार्चअखेरीला 32,800 रुपयांना गंडलो. हीच खेळी आसपास आणखी दोघांशी झाल्याचं नंतर कळलं, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

29 मार्चची दुपार. 31च्या आत बिलिंग हवंच, नागपूरचा लोड तयार, आणि नेहमीच्या ट्रान्सपोर्टवाल्याने हात वर केलेले. आडगाव नाक्याकडच्या दोघा-तिघांना विचारलं, गाडी नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, तर पाच मिनिटांत एका ब्रोकरचा फोन. ‘सगळ्या गाड्या कांद्यात गेल्यात, साहेब. पिंपळगाव, लासलगाव. माझ्याकडे एकच उभी आहे.’

इथंच थांबायला हवं होतं. कांदा उघड्या गाडीत जातो, ताडपत्रीखाली. बंद कंटेनरमध्ये कोंडला तर नागपूरपर्यंत वास सुटेल. नाशिकच्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही. पण मला गाडी हवी होती.

बाजार 45 हजारांचा असताना भाडं 41 ठरलं. ऐंशी टक्के आगाऊ, बाकी पोच आल्यावर. कागद लगेच आले: आरसी, विमा, लायसन्स, मालकाचं पॅन, टीडीएस कापू नये म्हणून द्यायचं डिक्लेरेशनसुद्धा. नंबर ऑनलाइन तपासला, बरोबर. चारला गाडी गेटवर, नंबर तोच, चासी नंबरही जुळला. ब्रोकर म्हणाला, ‘ड्रायव्हरसमोर रेट काढू नका, पगारी माणूस आहे.’ असं सगळेच म्हणतात. अर्धा माल चढल्यावर त्याने यूपीआय पाठवला. नाव कुण्या बाईचं. ‘मिसेसचं खातं आहे,’ म्हणाला. टाकले पैसे.

सव्वासातला बिल्टी (मालवाहतुकीची पावती) आणि ई-वे बिल (जीएसटीचा वाहतुकीचा कागद) हातात दिलं, तर ड्रायव्हर किल्ली खिशात घालून टपरीवर जाऊन बसला. ‘शेठचा फोन आल्याशिवाय गाडी हलत नाही. अ‍ॅडव्हान्स आला नाही.’

मी त्याच्यावर ओरडलो. त्याचा काडीचा दोष नव्हता.

गाडीच्या धुळ्यातल्या मालकाशी बोललो तेव्हा उलगडा झाला. ब्रोकरने त्याला 47 हजार सांगितले होते, ‘पार्टीशी पैशाचं बोलू नका, मी टाकतो,’ हेही. कागद त्यानेच पाठवलेले, लोड मिळतोय म्हणून. मला स्वस्त, त्याला महाग, दोघंही खूश. मधल्याला फरक भरायचाच नव्हता, मग रेट सांगायला त्याचं काय जातंय?

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930ला फोन लावला. तक्रार नोंदवून घेतली, पण पैसे टाकून दोन तास उलटले होते आणि रक्कम पुढच्या खात्यांत गेली होती. माल उतरवायचा तर पुन्हा हमाली, ई-वे बिल 24 तासांत रद्द करण्याची धावपळ, आणि बिलिंग बोंबललंच. मालकाशी 44 वर तोडलं, नवा अ‍ॅडव्हान्स त्याच्याच खात्यात टाकला. गाडी पावणेअकराला सुटली. बुडालेल्यातले निम्मे माझ्या पगारातून गेले.

आता आरसीवर ज्याचं नाव, त्याच्याच खात्यात पैसे. मिसेस, मेहुणा, मुनीम कुणीही चालत नाही. आणि माल चढवण्याआधी ड्रायव्हरच्याच फोनवरून मालकाला लावतो; ब्रोकरने दिलेला ‘मालकाचा नंबर’ त्याच्या साथीदाराचा असू शकतो. एकच विचारतो, ‘शेठ, तुम्हाला किती सांगितलंय?’

गेल्या आठवड्यात इंदूरची गाडी आली. मला 31 सांगितले होते, मालक म्हणाला 36. ब्रोकरला तिथल्या तिथे कॉन्फरन्सवर घेतलं. ‘एक मिनिट, साहेब,’ म्हणाला आणि फोन कटला. नंतर लागलाच नाही. मालकाशी थेट 34ला ठरवलं, गाडी पाचच्या आत निघाली.