शिंपल्याची भरड: लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून आणून दहा महिने वापरली, त्याचा अनुभव

कोल्हापुरात कसबा बावड्यात आमच्या परड्यात नऊ कोंबड्या आहेत, चार गावरान आणि पाच कावेरी, म्हणजे सुधारित जातीच्या. त्यांच्यासाठी मी दहा महिने झाले लक्ष्मीपुरीतल्या एका जुन्या खाद्याच्या दुकानातून शिंपल्याची भरड आणते. दुकानात तिला शेल ग्रिट म्हणतात. किलोला 25 रुपये. दोन किलो मला तीन महिने पुरते.

हे लिहायला बसले ते भुरीमुळे. दोन वर्षांची कावेरी, आठवड्याला पाच अंडी द्यायची. मे महिन्यात तिची अंडी हाताला खरखरीत लागायला लागली. मग एक दिवस नुसत्या पापुद्र्यातलं, बोटाने दबणारं अंडं सापडलं. मी म्हटलं, ऊन आहे. ते काही खोटं नव्हतं. उन्हात कोंबडी सारखी धापा टाकते, खाणं कमी करते आणि कवच पातळ पडतं. पण माझ्या कोंबड्या वर्षभर तांदळाची कणी, मक्याचा भरडा आणि शिळ्या भाकरीवर होत्या, याचा विचार मी केलाच नाही. एका अंड्याच्या कवचाला साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम लागतं. ते खाण्यातून आलं नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतलं काढून देते. रक्तातलं कॅल्शियम फारच उतरलं की अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही जोर राहत नाही.

एका सकाळी भुरी शेपूट पाडून, मान आखडून भिंतीकडेला उभी होती. शेजारच्या आक्का म्हणाल्या, "खुडूक झालीया गं, पाण्यात बुचकळ." खुडूक म्हणजे अंडी उबवायच्या नादाला लागलेली. मी तिला गार पाण्यात बुचकळली आणि डालग्याखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेलेली होती. पुरायला उचलली तेव्हा शेपटीखाली आत अडकलेलं अंडं हाताला लागलं. म्हणजे ती खुडूक नव्हतीच.

खुडूक कोंबडी कशी असते ते मला आता पक्कं कळतं. ती खोप्यात बसून राहते, पिसं फुलवते, जवळ गेलं की गुरगुरते, चोच मारते. अंगात ताकद असते तिच्या. अंडं अडकलेली कोंबडी भांडत नाही. खोप्यात जाते, बाहेर येते, परत जाते. कुंथते, मागची जागा आतबाहेर होत राहते, तुरा फिकट पडतो, विष्ठा होत नाही किंवा नुसतं पांढरं पाणी पडतं. दोन्ही कोंबड्या अंडी देत नाहीत, म्हणून माणूस फसतं.

भुरीनंतर मी आधी शहरातल्याच एका दुसऱ्या दुकानातून "शिंपला" म्हणून एक पुडी आणली. आत पांढरी पावडर. खाद्यात मिसळली तर ती भांड्याच्या तळाशी साचायची, कोंबड्या वरचे दाणे टिपून निघून जायच्या. चमचाभर पावडर वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओतलं. खरा शिंपला फसफसतो आणि हळूहळू विरघळतो. इथे थोडा फेस आला, थांबला, आणि खाली चक्क वाळू उरली. वाळू कोंबडीला दाणे दळायला चालते, पण तिचं कवच होत नाही. तीन आठवडे मी कोंबड्यांना वाळू चारत होते आणि मनाला समजावत होते की औषध चालू आहे. याचा राग अजून जात नाही.

लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारकाकांनी मात्र आधी विचारलं, "वैनी, अंड्यावरच्या किती? पिल्लं हायत काय?" मग म्हणाले, "पावडर नगा नेऊ. आणि ही बी खाद्यात मिसळू नगा, येगळ्या वाटीत ठेवा. ज्या कोंबडीला पायजे ती खाईल." हा सल्ला लाखाचा आहे. कवच बहुतेक रात्री चढतं. अंडं आत 24 ते 26 तास असतं, त्यातले 20 तासांच्या आसपास कवचासाठीच जातात. रात्री कोंबडी काही खात नाही. मसुराएवढे तुकडे पेठ्यात, म्हणजे दळणाऱ्या पोटात, अडकून रात्रभर थोडे थोडे विरघळतात. पावडर तोवर निघून गेलेली असते. आणि अंड्यावर न आलेल्या पिल्लांच्या खाद्यात इतकं कॅल्शियम गेलं तर त्यांची मूत्रपिंडं खराब होतात, म्हणून वेगळी वाटी.

या भरडीवर व्हिनेगर ओतलं तेव्हा शेवटपर्यंत फसफस चालली, तळाला चिमूटभर कचरा उरला. तुकडे एकसारखे, वास नाही. तीन आठवड्यांत कवचं बदलली. कढईच्या काठावर अंडं फोडताना आता टक् असा आवाज येतो. सोबत मी कणीही कमी केली आणि लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, चालू केलं, तेव्हा सगळं श्रेय एकट्या शिंपल्याला देणार नाही. लेअर मॅशमध्ये साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतंच, पण माझ्या कोंबड्या दिवसभर परड्यात किडे आणि गवत खातात, मॅश अर्धंच पोटात जातं.

तक्रार एकच, आणि मी ती काकांना तोंडावर सांगितली आहे. पावसाळ्यात मॅशची उघडी पोती दाराशी असतात. शिंपला भिजला तर काही बिघडत नाही, पण मॅशला आपल्या जुलैच्या पावसात दोन दिवसांत बुरशी धरते, आणि बुरशीचं खाद्य कोंबडीच्या यकृतावर बसतं. जून ते सप्टेंबर मी मॅश बंद पोत्यातलंच घेते. पाचपैकी चार तारे यासाठी.

आणि भरड म्हणजे औषध नव्हे. दिवाळीनंतर तांबडीचं पहिलंच अंडं अडकलं. तिच्यापुढे तर वाटी कायम भरलेली होती! तरुण कोंबडीचं पहिलं अंडं, दोन बलकांचं मोठं अंडं, अंगावर चढलेली चरबी, यानेही अंडं अडकतं. या वेळी मी गार पाण्याकडे गेले नाही. बाळाला न्हाऊ घालायला घेतो तसं कोमट पाणी घमेल्यात, कोपराने पाहून, त्यात वीस मिनिटं तिला पोटापर्यंत धरलं. पुसून कोरडी केली, मागच्या जागेला खोबरेल लावलं, डालग्यावर पोतं टाकून अंधारात उबेला ठेवली. दुपारपर्यंत अंडं आलं नाही, तेव्हा रिक्षा करून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली.

डॉक्टरांनी हलक्या हाताने चाचपून कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. मला म्हणाले, "काकू, दाबून काढायचा प्रयत्न केला नाही हे फार बरं केलंत. आत फुटलं असतं तर कवच टोचून पोटात पू झाला असता." गर्भाशय आकसवणारं इंजेक्शनही असतं, पण अंडं आत आडवं अडकलं असेल तर त्याने अपाय होतो, म्हणून ते तपासल्याशिवाय देत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. संध्याकाळी पाचला तांबडीने अंडं दिलं. मोठं, वळ्या पडलेलं, थोडं रक्त लागलेलं. मागून लाल मांस बाहेर आलंय का ते मी चार दिवस पाहत होते, कारण तसं झालं तर बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचून तिला मारतात. तोवर ती वेगळीच ठेवली. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस तिची अंडी घरात खाल्ली नाहीत.

डिसेंबरात अंडी कमी झाली तर भरडीला बोल लावू नका. तेव्हा आपल्याकडे दिवस अकरा तासांचा असतो, कोंबडीला चौदा तास उजेड लागतो. पिसं गाळतानाही अंडी थांबतात. पण सगळ्याच कोंबड्यांची अंडी एकदम वेडीवाकडी, सुरकुतलेली यायला लागली, सोबत शिंका किंवा घरघर असेल, तर तो रोग आहे. तिथे शिंपला काही करणार नाही, डॉक्टरांनाच दाखवा.

तांबडी आता एक दिवसाआड अंडं देते. संध्याकाळी खुराड्यात शिरण्याआधी ती वाटीपाशी थांबते, चार-पाच तुकडे उचलते आणि मगच आत जाते.