फारिना की आंब्रे? दोन फ्रेंच कोलोन आणि माझा आखडता हात

फ्रान्समधल्या लिऑंला येऊन आठ वर्षं झाली आणि आठही वर्षं बाथरूमच्या फळीवर कोलोन, म्हणजे हलकं सुगंधी पाणी, आहेच, बाटल्या तेवढ्या बदलत गेल्या. इथे नवीन येणारा आपला कुणी ना कुणी मला विचारतोच, की परफ्युम नकोय, साधं जुन्या पद्धतीचं फ्रेंच कोलोन घ्यायचंय, कोणतं घेऊ? तर दोन्ही वापरलीत म्हणून लिहितोय. टॉप नोट, बेस नोट असल्या परफ्युमवाल्यांच्या भाषेत शिरत नाही.

पहिलं रोजे ए गाले या फ्रेंच कंपनीचं ज्यां-मारी फारिना. खानदान एकदम मोठं. फारिना मंडळी मूळची इटलीची, त्यांचं दुकान जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ मध्ये सुरू झालं, आणि ज्याने हा सुगंध बनवला त्या जोव्हानी मारियाने भावाला पत्रात लिहिलं होतं की याचा वास इटलीतल्या वसंतातल्या सकाळीसारखा आहे, पाऊस पडून गेल्यानंतरच्या. याच घराण्यातल्या ज्यां-मारीने १८०६ मध्ये पॅरिसला आपलं कोलोन विकायला सुरुवात केली आणि हात बदलत बदलत १८६२ मध्ये तो धंदा रोजे आणि गाले यांच्याकडे आला. कोलोनमधलं जुनं दुकान वेगळं, ते अजून चालू आहे, आणि निळ्या-सोनेरी लेबलाचं ४७११ नावाचं कोलोन हे तिसरंच घराणं, तेव्हा अस्सल कोणतं या भांडणात पडू नका, त्यात मी एक अख्खा रविवार घालवलाय.

दुसरं मों सँ मिशेल आंब्रे. नाव नॉर्मंडीतल्या त्या भरती-ओहोटीच्या बेटाचं, पण बसायची जागा सुपरमार्केटमध्ये साबण आणि शेव्हिंग क्रीमच्या शेजारी. मोठी बाटली, रंग चहासारखा, आणि मी घेतो तिथे दहा युरोच्या आत मिळते. फारिनाच्या एका मध्यम बाटलीच्या पैशात याच्या चार तरी याव्यात, माझ्या हिशोबाने.

वासाचं म्हणाल तर फारिना सरसच आहे, खोटं कशाला बोलू. लावल्या लावल्या बर्गमॉट (लिंबाच्याच जातीचं फळ), लिंबू, संत्र्याच्या फुलांचा कडवट-गोड वास, मागून रोझमेरी, नुकतं लिंबू किसल्यासारखं स्वच्छ. आंब्रेची सुरुवात त्यामानाने जरा भसाभस, स्पिरिट आधी नाकात जातं, मग लिंबू येतं, मग लॅव्हेंडर, आणि दहा मिनिटांनी जुन्या न्हाव्याच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतं. पण गंमत त्याच्या पुढे आहे. आंब्रे म्हणजे अंबरवालं, आणि परफ्युमवाल्यांचं अंबर म्हणजे लॅबडॅनम, बेंझॉइन (दोन्ही झाडांचे सुगंधी चीक), व्हॅनिला असल्या गोष्टींची भट्टी, त्यातलं बेंझॉइन म्हणजे आपल्या उदाच्याच घरातलं. त्यामुळे दुपारी कधीतरी शर्टाच्या कॉलरमधून जो उबदार वास येतो तो मला थेट तान्ह्या बाळाला न्हाऊ घालून धुरी दिलेल्या खोलीत नेऊन सोडतो. आता हे माझं झालं, तुमच्या नाकाला तिथे नुसतं व्हॅनिला बिस्कीट लागेल कदाचित. ऑफिसातली एक फ्रेंच बाई एकदा म्हणाली की तू जवळून गेलास की आजीकडे आल्यासारखं वाटतं, ही तारीफ होती की टोमणा ते मी अजून ठरवतोय.

टिकण्याबद्दल फार अपेक्षा ठेवू नका, दोघांकडूनही. लिंबाच्या जातीची तेलं उडून जातात, तो त्यांचा धर्मच आहे. फारिना माझ्या अंगावर ट्राममध्ये बसेपर्यंत असतं, आंब्रेचं लिंबूही तेवढंच, फक्त खालचं अंबर जेवणाच्या सुट्टीपर्यंत रेंगाळतं.

आणि इथेच माझं घोडं अडलं. कोलोन ही थेंबाने लावायची वस्तूच नाही, ते ओंजळीत घेऊन मानेवर, दंडांवर, छातीवर सपासप मारायचं, उडालं की परत मारायचं. नेपोलियन महिन्याला डझनांनी बाटल्या रिकाम्या करायचा असं सांगतात, बुटात खुपसता यावी म्हणून लांबडी बाटली करून घेतली होती म्हणे. आता तो सम्राट, आणि मी महिनाअखेरीला खात्यात किती उरले ते बघणारा माणूस. फारिनाची बाटली हातात घेतली की माझा हात आपोआप आखडायचा. दोन थेंब इकडे, दोन थेंब तिकडे, तेही कुणाकडे जेवायला जायचं असेल तरच. एरवी राहू दे, कशाला संपवायचं. म्हणजे आमच्याकडे जसे ठेवणीतले कपबशीचे सेट असतात ना, पाहुण्यांची वाट बघत कपाटात म्हातारे होणारे, तसं ते कोलोन झालं. तीन वर्षं पुरवलं! आणि तीन वर्षांनी एक दिवस उघडलं तर वरचं ते पावसानंतरचं लिंबू गेलेलं, चपटा, जरा तुरट वास उरलेला. खिडकीतल्या उन्हात ठेवलं होतं, उजेडाने आणि हवेने ही तेलं मरतात, चूक शंभर टक्के माझी. कोलोन चांगलंच होतं, माझ्यासारख्याच्या घरी आलं एवढंच.

आंब्रेच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. सांडलं तर सांडलं. आंघोळीनंतर ओततो, संध्याकाळी घरी आलो की मानेवर थंडगार परत ओततो, रुमालावर, कधी उशीच्या अभ्र्यावरसुद्धा. एक बाटली पुण्याला आईसाठी नेली (हँडबॅगेत बऱ्याच विमानतळांवर १०० मिलीच्या वर चालत नाही, मोठी असेल तर दोन पिशव्यांत गुंडाळून चेक-इनमध्ये टाका). तिने हुंगलं आणि म्हणाली, "अरे हे तर आमचं कोलनवॉटर!" लहानपणी ताप आला की याच जातीच्या पाण्याच्या पट्ट्या कपाळावर ठेवायचे, आणि एकेकाळी युरोपातही कोलोन पोटातलं औषध म्हणूनही खपायचं, नेपोलियनच्या १८१० च्या हुकुमाने औषधांचा गुप्त मसाला उघड करणं भाग पडलं तेव्हा कोलोनवाले मुकाट सुगंधाकडे वळले. आईला यातलं काही सांगितलं नाही, ती डोकेदुखीला लावते, मस्त आहे म्हणते आणि दुसरी बाटली कधी आणतोस म्हणून विचारते.

तरी फारिना कुणी घ्यावं? ज्यांना व्हॅनिलाची शिसारी आहे त्यांनी नक्की. मे महिन्यात नागपूरला जाणार असाल तर आंब्रे अंगावर चिकट वाटेल, तिथे फारिनाच बरं. आणि ज्यांचा हात मुळातच मोकळा आहे, महागाची वस्तू जे रोज वापरू शकतात, त्यांनी बेलाशक घ्यावं, त्यांचा मला हेवा वाटतो.

ती जुनी बाटली मी अजून टाकलेली नाही. रुमालांच्या कप्प्यात आडवी ठेवलीय, तळाशी बोटभर उरलंय. बायको म्हणते ओतून टाक एकदाचं. टाकणार आहे, एखाद्या चांगल्या दिवशी.