जॉब इन्स्ट्रक्शनचा दहा तासांचा कोर्स: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

चाकण, रांजणगाव, सातपूर, वाळूज, कुठल्याही पट्ट्यातल्या एचआरकडे 'टीडब्ल्यूआय' (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) किंवा 'जॉब इन्स्ट्रक्शन'च्या, म्हणजे नव्या माणसाला काम कसं शिकवायचं हे सुपरवायझरला शिकवणाऱ्या ट्रेनिंगचं एखादं कोटेशन येऊन पडलेलं असतं. एजन्सी वेगळी, ब्रोशर वेगळं, पण आतला आराखडा एकच. त्यामुळे हा रिव्ह्यू कुठल्या एजन्सीचा नाही, कोर्सचाच आहे.

कोर्स जुना आहे. अमेरिकेत १९४० साली 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' ही सरकारी सेवा सुरू झाली. अनुभवी कारागीर सैन्यात चाललेले आणि कारखान्याच्या दारात कधी मशीन न पाहिलेली माणसं उभी, अशी तेव्हाची अडचण होती. १९४५ मध्ये सेवा बंद होईपर्यंत साडेसतरा लाख लोकांना तिची प्रमाणपत्रं मिळाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर हे जपानमध्ये गेलं, टोयोटाने उचललं आणि आता 'लीन'च्या (कामातला अपव्यय कमी करण्याच्या पद्धतीच्या) पॅकिंगमध्ये आपल्याकडे विकलं जातं. पॅकिंगवर जाऊ नका, माल अस्सल आहे.

मूळ रचना अशी: रोज दोन तास, पाच दिवस, बॅचमध्ये दहा माणसं. पहिल्या दिवशी ट्रेनर दोन पदरी वायरची एक गाठ घेतो. बल्बच्या होल्डरमध्ये वायर ओढली गेली तर ताण टर्मिनलच्या स्क्रूवर न येता गाठीवर यावा, म्हणून ती मारतात. आधी तो गाठ नुसती तोंडी सांगतो. कुणालाच जमत नाही. मग न बोलता नुसती करून दाखवतो. तरी जमत नाही, कारण समोर उभं राहिलं की डावं-उजवं उलटं दिसतं आणि कुठला पदर पुढून गेला, कुठला मागून, हे नजरेतून सुटतं. मग तीच गाठ पद्धतशीर शिकवतो: शिकणाऱ्याला शेजारी उभं करून, एका वेळी एक पायरी, 'टोकं सहा इंच सुटी करा', 'उजवा फास मुख्य वायरच्या पुढून' अशा मुद्द्यांवर जोर देत. आता जमते. 'सांगितलं होतं की!' हे सुपरवायझरचं आवडतं वाक्य या अर्ध्या तासात निकालात निघतं. ट्रेनरने ही गाठ वगळून व्हिडिओ लावला, तर पहिल्याच दिवशी त्याची परीक्षा झाली समजा.

शिकवण्याच्या पायऱ्या चार. माणसाची तयारी करून घ्या, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग पाठपुरावा ठेवा. दाखवताना काम तीनदा करायचं: पहिल्यांदा फक्त मुख्य टप्पे, दुसऱ्यांदा त्यातले की-पॉइंट, तिसऱ्यांदा प्रत्येक की-पॉइंटचं कारण. त्याने करताना पहिली फेरी मुकाट्याने, आणि चूक दिसली की तिथल्या तिथे दुरुस्ती. पुढच्या फेऱ्यांत त्याने टप्पे, की-पॉइंट आणि कारणं स्वतःच्या तोंडाने सांगायची. 'समजलं का?' हा प्रश्न कोर्समध्ये बाद आहे. त्याला उत्तर नेहमी 'हो सर' असंच येतं.

पण पैसे खरे वसूल होतात ते ब्रेकडाउन शीटवर. तीन रकाने: टप्पा, की-पॉइंट, कारण. की-पॉइंट कशाला म्हणायचं याची कसोटी कडक आहे. काम बनतं किंवा बिघडतं, माणसाला इजा होऊ शकते, किंवा ज्या खुबीने काम सोपं होतं, एवढंच. बाकीचं शीटवर नको.

पंपाच्या कव्हरचे चार एम८ बोल्ट आवळायचे आहेत, असं धरू. एसओपीत (कामाच्या लेखी कार्यपद्धतीत) हे दीड पानात असतं. ब्रेकडाउनमध्ये टप्पे चारच: गास्केट बसवा, बोल्ट लावा, टॉर्क द्या (ठरलेल्या जोराने आवळा), मार्क करा. 'बोल्ट लावा'चा की-पॉइंट: पहिले दोन-तीन आटे हातानेच. कारण बोल्ट आवळायच्या गनने सुरुवात केली आणि बोल्ट तिरका बसला तर आटे जातात, आणि हे टॉर्कच्या आकड्यात कळेलच असं नाही. 'टॉर्क द्या'चे चार: कर्णाच्या क्रमाने, म्हणजे गास्केट एका बाजूला दबत नाही, आधी अर्धा टॉर्क, मग पूर्ण, टॉर्क रेंच मुठीच्या मधोमध धरा, कारण हात पुढे-मागे सरकला की टॉर्क बदलतो, आणि टॉर्क पुरा झाल्याचा रेंचचा 'कट्' आवाज एकदाच. दुसऱ्यांदा कट् केलं की बोल्ट जास्त आवळला जातो. जुन्या ऑपरेटरला हे सगळं हाताला माहीत असतं, पण विचारलं तर तो 'त्यात काय, टाइट करायचं' एवढंच सांगतो. ते शब्दांत उतरवून घेणं हेच या कोर्सचं मोठं काम.

इथेच बॅचही घसरतात. लोक एसओपी समोर ठेवून शीट भरतात आणि वीस टप्पे, पस्तीस की-पॉइंट होतात. शीट मशीनपाशी उभं राहून, काम हळूहळू करत लिहायची. एका टप्प्यात चार-पाचपेक्षा जास्त की-पॉइंट आले तर टप्पा फोडा. काम लांब असेल तर तुकडे करून वेगवेगळ्या वेळी शिकवा. आणि 'नीट', 'व्यवस्थित', 'काळजीपूर्वक' हे शब्द दिसले की खोडा. तो की-पॉइंट नव्हे, लिहिणाऱ्याला सापडलं नाही याची ती कबुली आहे.

आता कमजोर बाजू. चौथी पायरी, म्हणजे पाठपुरावा, कोर्सच्या पायऱ्यांच्या कार्डावर छान छापलेली असते: अडलं तर कुणाला विचारायचं ते ठरवून द्या, सुरुवातीला वारंवार बघा, मग हळूहळू कमी करा. पण वर्गात तिचा सराव होत नाही, होऊही शकत नाही. लाईनवर डिस्पॅचची बोंब सुरू झाली की पहिला बळी हिचाच जातो, आणि नवा माणूस पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्याचे शॉर्टकट उचलतो. यावर कोर्समध्ये उत्तर नाही. प्लांटनेच लाईन लीडरच्या रोजच्या चेकशीटवर नव्या माणसाचा एक रकाना ठेवायला हवा.

दुसरी गोष्ट, कामाची पद्धतच ठरलेली नसेल तर हा कोर्स काही करू शकत नाही. 'ए' शिफ्ट एका क्रमाने आवळते आणि 'बी' शिफ्ट दुसऱ्या, तर आधी तो वाद मिटवा.

डोजो (लाईनबाहेरची सरावाची खोली) असलेल्या कंपन्या विचारतात, हे वेगळं कशाला? डोजोत आवळणं, डोळ्याने तपासणी असे मूलभूत हात बसतात, लाईनपासून दूर. जॉब इन्स्ट्रक्शन त्या स्टेशनवरचं ते नेमकं काम शिकवतं. एकाने दुसऱ्याची गरज भागत नाही.

ऑडिटच्या दृष्टीने मात्र याचा चांगला उपयोग होतो. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकातल्या ७.२.२ कलमाला ऑन-द-जॉब ट्रेनिंग हवं असतं आणि त्यात कंत्राटी, एजन्सीची माणसंही येतात. ऑडिटच्या आदल्या रात्री स्किल मॅट्रिक्सची (कुणाला कुठलं काम किती येतं त्या तक्त्याची) वर्तुळं काळी करण्यापेक्षा, 'या माणसाने या तारखेला कारणांसह करून दाखवलं' अशी सही असलेली ब्रेकडाउन शीट केव्हाही भारी पडते.

कोटेशन बघताना माणशी दरावर जाऊ नका. तीस जणांची बॅच माणशी स्वस्त दिसते, पण प्रत्येकाने स्वतःचं काम आणून सगळ्यांसमोर शिकवून दाखवणं हाच कोर्सचा गाभा आहे. शेऱ्यांसकट एकाला पंचवीस मिनिटं धरली तर दहा जणांनाच चार तासांच्या वर लागतात. तीस जणांत बहुतेक जण प्रेक्षकच होतात. तेच 'वन डे वर्कशॉप'चं. पाच दिवस यासाठी असतात की मधल्या वेळात माणूस लाईनवर जाऊन स्वतःची शीट करून आणतो. एका दिवसात कोंबलं की पेनाच्या रिफिल बदलण्यावर सराव उरकतात आणि फीडबॅक फॉर्मवर सगळे 'एक्सलंट' लिहून निघतात.

शंभर मॅन-अवर्स जाणार आहेत, तेव्हा बॅचमध्ये लाईन लीडर, सेटर (मशीन लावून देणारे) आणि नव्यांना प्रत्यक्ष शिकवणारे जुने ऑपरेटर बसवा. एचआरचा एखादा माणूस पुरे. शीट मराठीत किंवा लाईनवर जी मराठी-हिंदी चालते तीत लिहू देणार का, हे ट्रेनरला आधीच विचारा. इंग्रजी शीटवर सही मिळते, पण ती पुन्हा कुणी उघडत नाही. ऑर्डरमध्ये तीन अटी घाला: बॅच दहाची, सराव आपल्याच स्टेशनवरच्या कामावर, आणि महिन्याने ट्रेनरची फ्लोअरवर एक फेरी. त्या फेरीत त्याने कुठल्याही नव्या ऑपरेटरला थांबवून 'हे असंच का?' एवढं विचारायचं. शेवटचा हप्ता त्यानंतर द्या.