गंज काळा करणारी बाटली: हौद्यावर दोनदा वापरल्यावर

माझ्या पिकअपमधून रोपं आणि खताची पोती जातात. हौद्यात प्लॅस्टिकचा लायनर होता, त्यामुळे खालचा पत्रा सुरक्षित आहे असं मी धरून चालले होते. फाळक्याच्या बिजागरीपाशी तांबूस ओघळ दिसला तेव्हा लायनर उचलला. खाली ओली माती, सांडलेलं खत, आणि लायनरचा प्रत्येक उंचवटा जिथे टेकत होता तिथे रंग घासून पत्रा उघडा पडलेला. वर खताचे क्षार ओल धरून बसलेले. गंजाला आणखी काय हवं!

म्हणून टॅनिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर आणलं, म्हणजे गंजाचा काळा थर बनवणारं औषध. बाटलीवर लिहिलं होतं, थेट गंजावर लावा. मी विश्वास ठेवला. दुधासारखं पातळ द्रव, ब्रशने लावलं की काही मिनिटांत जांभळट होतं आणि मग काळं कुळकुळीत. त्यावर रंग मारला, हौदा नव्यासारखा दिसला. पण काही महिन्यांतच फुगे आले. एका फुग्याखाली स्क्रूड्रायव्हर घातला तर जाड पापुद्रा उचकटून आला, वरून काळा आणि खालून तसाच लाल. औषध फक्त वरच्या थरापर्यंत पोचलं होतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे खाली तो चालू राहिला की वरचा रंग उचलणारच.

दुसऱ्यांदा मात्र दोन दिवस नुसतं घासण्यात गेले. सुटे पापुद्रे ठोकून काढले, ग्राइंडरला वायर कप लावला, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर. धूळ धुऊन, वाळवून, थिनरने तेलकटपणा पुसला. (ग्राइंडर चालवताना चष्मा आणि मास्क हवाच, तारा तुटून उडतात.) उरला तो फक्त खड्ड्यांत रुतलेला गंज, ब्रश न पोचणारा. ही बाटली खरी त्याच्यासाठीच आहे. दोन पातळ हात दिले, दुसऱ्या दिवशी एपॉक्सी प्रायमर, त्यावर रंग. दोन पावसाळे झाले, मधला भाग अजून टणक आहे.

वापरायचं असेल तर द्रव वाटीत काढून घ्या. मी पहिल्यांदा ब्रश थेट बाटलीत बुडवला, गंजाचे कण आत गेले आणि अर्धी बाटली काळी पडून वाया गेली. यावर झिंकचा प्रायमर लावू नका. झिंक उघड्या लोखंडाला टेकलं तरच राखण करतं. आणि स्क्रूड्रायव्हर आरपार जात असेल तर बाटली विसरा. तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. माझ्याकडे चाकावरच्या कमानीपाशी तसंच करावं लागलं. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याच्या मागचाही रंग जळतो. पहिल्या कारागिराने ती बाजू तशीच सोडली होती. मी गाडीखाली शिरून पाहिलं म्हणून कळलं. प्रायमर देऊन तिथे मेण फवारून घेतलं.

औषधाला पाचपैकी साडेतीन. काम करतं, पण घासण्याबद्दल लेबल गप्प आहे आणि त्यापायी माझी अख्खी मेहनत फुकट गेली, म्हणून दीड गुण कापले.

लायनर परत बसवला नाही. रबरी मॅट टाकते, खत उतरवलं की ती उचलून हौदा धुते, आणि पुढच्या कोपऱ्यांतली पाणी जाण्याची भोकं तारेने मोकळी करते. गेल्या आठवड्यात पुढच्या भिंतीच्या जोडाशी टाचणीच्या डोक्याएवढा तांबूस ठिपका दिसला. पेपरने घासला, खाली पत्रा घट्ट लागला. वाटीत चार थेंब काढले तेवढे पुरले.