टर्फ बांधताय? गवत नंतर बघा, आधी खड्डा खणून बघा

सांगलीजवळ रस्त्याला लागून आमचं वडिलोपार्जित काळं रान आहे. त्याच्या एका तुकड्यात मी आणि माझ्या चुलतभावाने बॉक्स क्रिकेटसाठी 100 बाय 60 फुटांचं टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, बांधून घेतलं. ठेकेदार बाहेरगावचा, गाडीतून गवताचे नमुने घेऊन आलेला. आम्ही दोघं तासभर ते गवतच चाचपत बसलो. आबा तेवढे म्हणाले, “काळ्या रानात साधी खोली बांधायची तरी आपण मुरूम लागेपर्यंत खणतो. हे कशावर बसणार?” ठेकेदार म्हणाला, “आबा, फूटभर मुरूम धरलाय कोटेशनमध्ये. काळजी सोडा.”

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून ती उकरून काढायची, मुरूम थराथराने टाकायचा, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवायचा, त्यावर खडी, मग कच म्हणजे खडीचा बारीक चुरा, आणि पाणी वाहून जाईल असा हलका उतार ठेवायचा. हे सगळं मी नंतर शिकलो. काम चालू होतं तेव्हा आम्ही दोघं बुकिंगचे दर ठरवत होतो.

पहिल्याच जुलैत मैदान मध्ये खचलं, कडेला फुगलं. पाणी दोन-दोन दिवस हटेना. गवताच्या पट्ट्यांचे जोड सुटले. ऑगस्टमध्ये दहावीतल्या एका मुलाचा बूट त्या उघड्या जोडात अडकला आणि गुडघ्याचा लिगामेंट फाटला. त्याच्या आईसमोर मला मान वर करता येईना.

मग एक कोपरा उचलून खणलं. जेमतेम चार इंच मुरूम, आणि खाली तशीच काळी माती. 6000 चौरस फुटांवर फूटभर मुरूम म्हणजे 60 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट), आणि दाबून बसवायचा तर त्याहून जास्त. शेजारच्या रानातले मामा म्हणाले, वीस-बावीस ट्रॉल्याच आल्या होत्या. ट्रॉलीत ब्रासभर माल बसतो. त्यांनी मोजल्या होत्या, आम्ही नाही.

गवताचंही तेच. ठेकेदाराने दाखवलेला नमुना घरात पडून होता. त्याचा आणि मैदानातल्या गवताचा 10 सेंटीमीटर बाय 10 सेंटीमीटरचा तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर ठेवला. नमुना 24 ग्रॅम भरला, मैदानातलं 16. म्हणजे चौरस मीटरला 2400 ग्रॅम दाखवून 1600 चं अंथरलं. सोबत दिलेला प्रयोगशाळेचा अहवाल तिसऱ्याच मालाचा निघाला, त्यावरचा उत्पादन क्रमांक आमच्या बिलावर कुठेच नव्हता. ‘फिफा दर्जाचं’ या शब्दालाही आम्ही भुललो. फिफाचं प्रमाणपत्र प्रत्यक्ष मैदानावर चाचणी झाल्यावर त्या मैदानाला मिळतं, गवताच्या गुंडाळीला नाही.

सगळ्यात जास्त राग मला रबराच्या दाण्यांचा येतो. गवतात आधी वाळू आणि वर रबराचे काळे दाणे भरतात. पडणाऱ्याच्या डोक्याला, गुडघ्याला बसणारा मार तेच झेलतात. कोटेशनमध्ये चौरस मीटरला 5 किलो लिहिलं होतं. आमच्या मैदानाला 50 किलोच्या 56 गोण्या लागायच्या, उतरल्या वीस. बाकी नुसती वाळू, आणि ती पावसात दगडासारखी बसली. मैदान किती कडक आहे हे वजन टाकून मोजतात. आदळताना बसणाऱ्या धक्क्याच्या त्या आकड्याला जी-मॅक्स म्हणतात, अमेरिकेतल्या मानकात तो 200 च्या खाली असावा लागतो. आमच्याकडे कुणी मोजलंच नाही, आणि त्यावर लहान पोरं डाइव्ह मारत होती. कडेला बांध न घातल्यामुळे होते ते दाणेही मामांच्या उसात वाहून गेले. अशाच कारणाने युरोपीय संघाने 2023 मध्ये नियम केला, 2031 पासून तिथे हे दाणे विकता येणार नाहीत.

वॉरंटीचा कागद काढला तर त्यात फक्त गवताचा रंग उडणार नाही एवढीच हमी. पाया, जोड, निचरा यांचा शब्द नाही. वकिलांनी नोटीस पाठवली आहे, पण गवत अंथरण्याआधीचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

तुम्ही बांधत असाल तर पायाचा हप्ता गवत अंथरण्याआधी, चार ठिकाणी खड्डे खणून बघितल्यावरच द्या. टँकरभर पाणी ओतून ते कुठे जातं ते बघा. ट्रॉल्या आणि गोण्या घरच्या माणसाला मोजायला बसवा. आलेल्या प्रत्येक गुंडाळीचा तुकडा वजन करा.

आम्ही टर्फ बंद ठेवलंय. बुकिंगचे फोन अजून येतात, रोज नाही म्हणतो. पावसाळा सरला की सगळं उकरायचंय, आणि या खेपेला मोजायला आबा बसणार आहेत.