विंडोज १० आणि विंडोज ११
२०१५ साली आलेली विंडोज १० अवघ्या १ जीबी रॅमच्या ३२-बिट संगणकावरही, संथ का होईना, चालत असे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला मात्र ६४-बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० हे सुरक्षा मॉड्यूल लागते, त्यामुळे सुस्थितीतले असंख्य जुने संगणक अधिकृतपणे अपात्र ठरले. टास्कबार (पडद्याच्या तळाशी असणारी चिन्हांची पट्टी) पडद्याच्या कडेला नेण्याची सोयही नव्या प्रणालीने सुरुवातीला काढून टाकली, ती का, हे अनाकलनीयच आहे. तरीही १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट थांबवल्याने, पात्र संगणकावर विंडोज ११ घेणेच इष्ट वाटते. अपात्र संगणक मोडीत काढण्यापूर्वी लिनक्स या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या प्रणालीचा विचार अवश्य करावा.