पाणी फुकट, सावली विकत : नॅक्सोसच्या किनाऱ्यावर पाच ठाणेकर

"भरती किती वाजता?" हा सासूबाईंचा पहिला प्रश्न.

त्यांचं माहेर गुहागरचं. समुद्र म्हटला की आधी तिथी विचारायची, तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ हातात. त्या दिवशी तारीख होती 27 मे 2025. "काल अमावास्या झाली, आज प्रतिपदा. म्हणजे पाऊण वाजता," असं स्वतःच ठरवून त्या ग्रीसच्या नॅक्सोस बेटावर, आयोस प्रोकोपिओस किनाऱ्याच्या वाळूत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. पाऊण वाजला, दीड वाजला. लेकाने पाण्याच्या कडेला रोवलेली आइस्क्रीमची काडी होती तिथेच. तिकडच्या समुद्राला भरती-ओहोटी असते ती जेमतेम वीतभर. आपल्याकडे पाणी दोन-तीन मीटर चढतं-उतरतं, त्यात वाढलेल्या बाईला ही फसवणूकच वाटणार. "हा कसला समुद्र, हा तर मासुंदा तलाव," म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांत जास्त वेळ त्यात पाय सोडून बसल्या त्याच.

तर हा रिव्ह्यू त्या किनाऱ्याचा, आणि त्याहून जास्त तिथवर पोचायच्या खटाटोपाचा. आम्ही पाच जण: मी, नवरा, 14 वर्षांची मुलगी, 9 वर्षांचा मुलगा आणि 72 वर्षांच्या सासूबाई. राहतो पाचपाखाडीत. मी बँकेत आहे, त्यामुळे आकडे वहीत लिहिलेले आहेत.

सुरुवात डिसेंबरात झाली, ठाण्यातल्याच एका टूर कंपनीच्या ऑफिसात. त्यांची आठ दिवसांची सहल होती: अथेन्स, सँटोरिनी, मायकोनॉस, आणि त्यात "बीच व्हिजिट, दोन तास". दोन तासांत आमच्याकडे कपडे बदलून होत नाहीत. मी म्हटलं, मला एकच जागा हवी, स्वच्छ किनारा, मुलं दिवसभर पाण्यात. त्यावर तो मुलगा म्हणाला, "मग मॅडम, प्रायव्हेट बीचवालं रिसॉर्ट घ्या. पब्लिक बीच कसे असतात, माहीतच आहे तुम्हाला." आणि दुप्पट दराचा कागद पुढे सरकवला. आपल्या चौपाट्या पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटतं. मलाही पटलं होतं. ॲडव्हान्स भरायला पर्स उघडली होती.

घरी येऊन वाचत बसले तेव्हा कळलं की ग्रीसमध्ये किनारा हा कायद्याने सगळ्यांचा. हॉटेलवाल्यांना फक्त खुर्च्या-छत्र्या मांडायला तुकडा भाड्याने मिळतो. तो तुकडा फुगत फुगत अख्खी वाळू गिळायला लागला, तेव्हा 2023 च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरचे लोक टॉवेल घेऊन रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षी कायदा कडक झाला: निम्मा किनारा मोकळा ठेवायचा, संरक्षित भागात 70 टक्के, आणि पाण्यापासून चार मीटरच्या आत खुर्ची नाही. कोणी अतिक्रमण केलं तर तक्रारीसाठी सरकारचं मायकोस्ट नावाचं ॲप आहे. म्हणजे स्वच्छ पाणी खोलीच्या भाड्यात येत नाही, ते आधीच तिथे आहे. मग मी क्रम उलटा केला. आधी किनारा ठरवला, मग त्याच्यापासून सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपेल एवढ्या अंतरावर खोली शोधली. ज्यांना एवढंच वाचून निघायचं असेल त्यांनी खुशाल निघा, महत्त्वाचं हेच.

स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ, हे बघायचे दोन मार्ग मी वापरले. एक म्हणजे ब्लू फ्लॅग. डेन्मार्कमधली एक संस्था हा झेंडा देते, निकष 33 आहेत, आणि तो एकाच हंगामापुरता मिळतो, त्यामुळे जुन्या फोटोतला झेंडा धरून बसू नका. ग्रीसमध्ये असे 600 हून जास्त किनारे आहेत. (आपल्याकडेही आहेत बरं का, पुरी, शिवराजपूर, कासारकोड वगैरे, 2020 पासून.) दुसरा मार्ग मला जास्त आवडला. युरोपीय पर्यावरण संस्था दरवर्षी पोहण्याच्या पाण्याचा नकाशा काढते. त्यात ई-कोलाय आणि एन्टेरोकॉकाय हे जंतू तपासून प्रत्येक किनाऱ्याला शेरा दिलेला असतो. आपल्या किनाऱ्यावर बोट ठेवायचं आणि शेरा वाचायचा, शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा.

मोठं रिसॉर्टच हवं असेल तर उत्तरेला हाल्किदिकी आहे, थेस्सालोनिकीला उतरून जायचं. पाइनची झाडं थेट पाण्यापर्यंत आणि झेंडेही भरपूर. पण तिथे गाडीवाचून पान हलत नाही, आणि एकाच बुफेत सहा दिवस सासूबाईंना काय वाढू, हा प्रश्न मला सुटेना. नॅक्सोसला गाव आहे, दुकानं आहेत, किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी बस आहे. शिवाय स्वयंपाकघर असलेल्या खोल्या मिळतात. तिथेच निर्णय झाला.

तारखांचं मात्र सोपं नाही. जुलै-ऑगस्टला एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा पिसाळतो, शिवाय दर वाढतात, आणि ऑगस्टात आमच्याकडे गणपतीची तयारी. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिकडची हॉटेलं कुलपं लावायला घेतात. उरली आपली मेची सुट्टी. त्यात गोम अशी की मेअखेरीस पाणी 20 अंशांच्या आसपास असतं. मुलं किंचाळत शिरली आणि पाच मिनिटांत रुळली. नवरा रोज कमरेपर्यंत जाऊन परत यायचा आणि "उद्या नक्की" म्हणायचा. खरं सांगते, पाण्याच्या उबेसाठी जून किंवा सप्टेंबर बरा, खिशासाठी आणि गर्दीसाठी मे.

व्हिसाचं थोडक्यात. ग्रीसला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असलेला व्हिसा लागतो. त्याची फी मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45, सहाच्या आतल्यांना नाही. आमचे 405 युरो झाले, त्या वेळच्या दराने 36 हजारांच्या वर, आणि नाकारला तर परत नाहीत. सेवा केंद्राचे पैसे निराळे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बाराच्या आतल्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, पण सासूबाईंचे घेतले, म्हणजे घ्यायचा प्रयत्न केला. यंत्रावर काही उमटेना. आयुष्यभर राख आणि काथ्याने भांडी घासलेले हात ते. काउंटरवरच्या मुलीने ओल्या कपड्याने एकेक बोट पुसलं, दाबलं, पुन्हा पुसलं. सातव्या खेपेला हिरवा दिवा लागला. "रेशनच्या दुकानात पण असंच होतं गं," सासूबाई तिला समजावत होत्या.

अथेन्स विमानतळावरून मेट्रोची निळी लाइन थेट पिरेअस बंदरात जाते, 9 युरो तिकीट. तिथून सकाळची मोठी बोट, साडेपाच तास. वेगवान बोटीही आहेत, पण त्या जास्त हलतात आणि महाग पडतात. म्हातारं माणूस बरोबर असेल तर मोठीच घ्या. उतरताना मात्र चपळाई हवी. बोट लागते, मागचा लोखंडी पूल खाली येतो, आणि काही मिनिटांत पुन्हा उचलतात. बंदर दिसायला लागलं की सामान घेऊन खाली गाड्यांच्या मजल्यावर उभं राहायचं. इथे आम्हाला काही शिकवावं लागलं नाही, ठाण्याला उतरायचं तर मुलुंड गेल्या गेल्या दाराशी जायचं असतं. बाहेर आलो तर समोर टेकाडावर नुसतीच एक संगमरवरी चौकट, पोर्तारा. अपोलोचं देऊळ, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बांधायला घेतलं आणि राहूनच गेलं. "पझेशन रखडलं," नवरा म्हणाला. आमचं घोडबंदर रोडचं बुकिंग आठवून दोघंही हसलो.

आता किनारा. आयोस प्रोकोपिओस गावापासून पाच-सहा किलोमीटरवर आहे. वाळू पिठासारखी नाही, लापशीच्या रव्यासारखी जाड. सुरुवातीला पायाला टोचते, पण गुण तिचाच: अंगाला चिकटत नाही आणि पाण्यात उडत नाही. गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून मी खाली पाहिलं, तर पायाच्या बोटांवरचं नेलपॉलिश कुठे उडालंय ते दिसत होतं. मुलगी पोहण्याचा चष्मा लावून गेली ती थेट ओरडतच बाहेर आली, "आई, माझी सावली तळाला दिसतेय!" ठाण्याच्या उपवन तळ्यात पोहायला शिकलेली मुलगी नाही ती, क्लबच्या तलावात शिकली, तरी एवढं नितळ पाणी तिने पाहिलं नव्हतं.

एक वाईट गोष्ट. इथे पाणी पटकन खोल होतं. पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर गावाला लागूनच असलेला आयोस योर्गोस घ्या, तिथे बरंच आत गेलं तरी पाणी गुडघ्यापर्यंत. आम्ही दोन दिवस तिथेही गेलो. दगडाळ टोकाला समुद्री साळू असतात, काळे काटेरी गोळे, त्यासाठी रबरी बूट हवेतच. ते जांभळी नाक्यावर 300 रुपयांत मिळाले, तिकडे 12 युरो.

तिसऱ्या दिवशी काठावर तपकिरी पट्ट्यांचा ढीग आला आणि आमच्यात वादळ झालं. नवरा म्हणाला, "हे बघ तुझं स्वच्छ." मीही हिरमुसले. ते पोसिडोनिया नावाचं समुद्रगवत निघालं. ते नितळ पाण्यातच वाढतं, म्हणजे खरं तर चांगलं लक्षण. सासूबाईंनी एक पट्टी उचलली, ताणली, वास घेतला, आणि "माडाच्या बुडात घालायला छान" असा निकाल दिला.

सावली विकत आहे हे मात्र धरूनच चाला. दोन खुर्च्या आणि एक छत्री दिवसाला 25 युरो, पहिल्या रांगेत आणखी जास्त. पाच जणांचा हिशेब केला आणि मी सरळ दुकानातून 14 युरोंची छत्री आणली, मोकळ्या भागात रोवली. ती वाऱ्याने दोनदा उडाली, एकदा एका जर्मन आजोबांच्या पाठीवर. त्यांनीच मग दांडा फिरवत फिरवत खोल कसा घालायचा ते दाखवलं. सूर्य मावळतो साडेआठच्या सुमारास, तेव्हा सकाळी नऊ ते बारा आणि मग पाचनंतर, असा बेत ठेवला तर छत्रीवाचूनही भागतं. नाहीतर झाऊची झाडं आहेत, त्यांच्याखाली जागा पकडायची.

आणखी एक, जे टूरवाले सांगत नाहीत. ग्रीसमध्ये बऱ्याच ठिकाणी संडासात कागद टाकायचा नसतो, शेजारच्या डब्यात टाकतात. जेट स्प्रे नाही. बॅगेत एक मग न्या, लाजू नका. आणि किनाऱ्यावर बायका अर्ध्या कपड्यांत असतात, पुढच्या प्लाका किनाऱ्याच्या दूरच्या टोकाला तर तेवढेही नसतात. आमची फेरी चुकून तिकडे गेली. मुलांना फिरवून मागे आणलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "वाळत घालायचा त्रास नाही."

जेवणाची भीती फुकट निघाली. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा, लिंबू, ऑलिव्हचं तेल. भात भरलेले टोमॅटो आणि सिमला मिरच्या, पांढऱ्या मोठ्या घेवड्याची उसळ, बटाटे तर नॅक्सोसचे प्रसिद्धच. "नीस्तीसिमो" म्हटलं की उपासाचं, बिनमांसाचं येतं. पण त्यांच्या उपासाला कालवं-कोळंबी चालते, तेव्हा पुढे विचारून घ्या. आणि त्यांचं दही! ते दही नाहीच, तो चक्का आहे. सासूबाईंनी किलोचा डबा आणवला, खोलीतच साखर घोटली, ठाण्याहून आणलेली वेलची घातली. वाट्या कमी पडल्या म्हणून खाली मालकीणबाईंकडे गेल्या आणि खुणेने विचारलं, नेऊ का? त्या हसून म्हणाल्या, "ने, ने." ग्रीकमध्ये "ने" म्हणजे हो. सासूबाई वाट्या घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "मराठी येतं हो त्यांना." श्रीखंडाची एक वाटी अर्थातच खाली गेली.

हॉटेल तीन तारे, दोन खोल्या, सहा रात्री, 840 युरो. निघताना वर 60 युरो मागितले तेव्हा मी भांडायच्या पवित्र्यात होते. तो तिकडचा हवामान-कर निघाला, तीन तारांकित हॉटेलला खोलीमागे रात्रीला 5 युरो, पाच तारांकितला 15. बुकिंगच्या किमतीत बहुधा नसतो, धरून ठेवा. विमान, व्हिसा, बोट, खाणं सगळं मिळून पाच जणांचे साडेपाच लाखांच्या आसपास गेले. प्रायव्हेट बीचवाल्या कागदावर याच्या जवळपास नुसतं राहण्याचं आणि विमानाचं होतं.

किनाऱ्याला पाचपैकी साडेचार, अर्धा थंड पाण्याचा कापला. मोठ्या बोटीला चार. माझ्या नियोजनाला तीन, कारण परतीची बोट मी विमानाच्या आदल्या संध्याकाळची काढली होती. वारा फार वाढला की तिथले बंदर अधिकारी बोटी सोडतच नाहीत, हे मला मालकीणबाईंनी शेवटच्या दिवसाआधी सांगितलं. धावतपळत एक दिवस आधीची तिकिटं केली, जास्तीचे 70 युरो गेले, मुलांचा एक दिवस बुडाला. तुम्ही तो दिवस आधीच अथेन्ससाठी मोकळा ठेवा. आम्ही निघालो तेव्हा झाडाचं पानही हलत नव्हतं, हे नवरा अजून ऐकवतो.